बेळगावचा व्यापार: पट घडवतानाच्या नोंदी

६ एप्रिल

घराघरांत 'व्यापार' म्हणून खेळला जाणारा जो डाव आहे, त्याचा मूळ साचा म्हणजे मोनोपॉली. त्याच साच्यावर बेळगाव परिसराचा एक पट करायचा आहे. संच एकच, वाचनालयाच्या सुट्टीतल्या शिबिरासाठी. विकायचा नाही, म्हणून पेटीवर मूळ नाव किंवा टोपीवाल्या म्हाताऱ्याचं चित्र घ्यायचं नाही.

पहिला निर्णय: नावं आपली, आकडे मूळचे. ४० चौकोन, त्यांत विकत घ्यायच्या जागा २८ (२२ पेठा-गल्ल्या, ४ स्टेशनं, वीज आणि पाणी मिळून २), 'चान्स' कार्डांचे ३, 'कम्युनिटी चेस्ट' या दुसऱ्या गड्डीचे ३, कराचे २ आणि कोपरे ४. जागांचा क्रम, किमती आणि भाडी यांचं प्रमाण एकमेकांत अडकलेलं आहे. एक आकडा हलवला तर भलतीकडेच फरक पडतो.

नोंदींपुरती शब्दांची वाटणी: पटावरची जागा म्हणजे 'चौकोन', वर बांधायचं ते 'घर'. दोन्हीला घर म्हटल्यावर आजच तीनदा घोळ झाला.

रक्कम सगळीकडे १० पट. मूळची ६० ची जागा ६०० ला, ४०० ची ४,००० ला. सुरुवातीला प्रत्येकाला १५,००० आणि एका फेरीचा पगार २,०००. १०० पट करून पाहिलं, पण भाड्याच्या तक्त्यात दोन लाखापर्यंत आकडे गेले. पोरांना मोजायला आणि आम्हाला कार्डावर बसवायला, दोन्हीकडून अवघड.

९ एप्रिल

नावांचा दिवस. सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला.

प्रतिष्ठेप्रमाणे गल्ल्या लावायच्या म्हटलं तर कुणालाच आपली गल्ली तपकिरी रंगात नको. त्यामुळे प्रतिष्ठा सोडली आणि वाट धरली: खेड्यातून निघायचं, उपनगरांतून आत यायचं, शेवटी बाजारात पोचायचं.

तपकिरी: हलशी, नंदगड. फिका निळा: संकेश्वर, चिकोडी, निपाणी. गुलाबी: वडगाव, खासबाग, शहापूर. नारिंगी: अनगोळ, हिंदवाडी, टिळकवाडी. लाल: काकतीवेस, चव्हाट गल्ली, भांदूर गल्ली. पिवळा: अनंतशयन गल्ली, पांगुळ गल्ली, रविवार पेठ. हिरवा: रामदेव गल्ली, मारुती गल्ली, गणपत गल्ली. गडद निळा: कॉलेज रोड, खडेबाजार.

निपाणी १,२०० त बसली आहे. तंबाखूच्या व्यापाऱ्यांनी रागावू नये, फिक्या निळ्यातली ती सगळ्यात महाग जागा आहे. खडेबाजार शहापुरातही आहे, म्हणून कार्डावर 'खडेबाजार, बेळगाव' असं पूर्ण लिहायचं. नरगुंदकर भावे चौक हवा होता, पण चौकोनात मावत नाही आणि नुसतं 'भावे चौक' कुणी म्हणत नाही. सोडला.

वीज: गोकाक फॉल्स. पाणी: राकसकोप. तुरुंगाच्या कोपऱ्यावर चर्चाच झाली नाही, हिंडलगा. 'तुरुंगात जा'च्या जागी 'हिंडलग्याला जा'. फुकट थांबायच्या कोपऱ्याला किल्ला तलाव.

टिळकवाडी नारिंगीत म्हणजे २,००० लाच कशी, असा आक्षेप आला. किंमत कमी असली म्हणून जागा हलकी ठरत नाही, उलट पटावर नारिंगीइतकं लवकर पैसे परत करणारं दुसरं काही नाही. हिंडलगा १० व्या चौकोनावर आणि नारिंगी जागा १६, १८, १९ वर, म्हणजे सुटणाऱ्यापासून ६, ८ आणि ९ चौकोनांवर. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी ६ पडायच्या ५, ८ च्या ५, ९ च्या ४. एकूण १४. गुलाबी जागा १, ३ आणि ४ वर आहेत. १ तर पडतच नाही, बाकीच्या मिळून ५. हिंडलग्यात खेळाडू सारखे जाऊन पडतात, आणि सुटला की तिसऱ्या हिश्शाहून जास्त वेळा तो पहिल्याच फेकीत या तीन उपनगरांपैकी एकात भाडं भरतो.

१३ एप्रिल

मापं. बाजूचा चौकोन ४ सेंमी रुंद, ६.५ सेंमी खोल. कोपरा ६.५ बाय ६.५. एका बाजूला ९ चौकोन आणि २ कोपरे: ३६ अधिक १३, एकूण ४९ सेंमी. कडेला अर्धा-अर्धा सेंमी सोडून पट ५० बाय ५०. रंगाची पट्टी चौकोनाच्या आतल्या कडेला, १.५ सेंमी.

पट मधोमध दुमडायचा तर घडी बाजूच्या पाचव्या चौकोनाच्या बरोबर मधून जाते. पाचवा चौकोन म्हणजे स्टेशन, चारही बाजूंना. रेल्वेमार्गाच्या क्रमाने ५ वर लोंढा, १५ वर खानापूर, २५ वर बेळगाव, ३५ वर घटप्रभा. घडी दोनच स्टेशनांवरून जाणार: एक तर लोंढा-बेळगाव, नाही तर खानापूर-घटप्रभा. बेळगावचे दोन तुकडे करायचे नाहीत, हे एकमताने. खानापूर मात्र 'खाना' आणि 'पूर' असं आपणहून फुटतं, आणि 'घट' व 'प्रभा'सुद्धा. शिरोरेषा तेवढ्या जागी २ मिमी तोडली, म्हणजे घडीवर शाई उडाली तरी अक्षर बिघडणार नाही. सगळ्या पटात मनासारखी जमलेली गोष्ट ही.

नावं दोन लिप्यांत: वर मराठी १३ पॉइंट, खाली कन्नड ९ पॉइंट. दोन्ही कडांना ३ मिमी सोडल्यावर ओळीला ३४ मिमी उरतात. 'अनंतशयन गल्ली' दोन ओळींत घेतली. कन्नड नावं कन्नड माध्यमात शिकलेल्या दोघांकडून वेगवेगळी तपासून घेतली.

१७ एप्रिल

छपाईची फाइल दुकानातल्या संगणकावर उघडली आणि 'हिंडलगा'ची वेलांटी 'ह'च्या पुढे जाऊन बसली, 'मारुती'तला 'रु' सुटा झाला. युनिकोड मजकूर जुन्या कोरलड्रॉमध्ये उघडला की असं होतं. उपाय जुनाच: आपल्याकडेच सगळा मजकूर कर्व्हमध्ये (अक्षरांऐवजी नुसत्या आकृत्यांत) बदलायचा, मग पीडीएफ द्यायची. कर्व्ह केल्यावर चूक दुरुस्त करता येत नाही, म्हणून मूळ फाइल वेगळ्या नावाने ठेवायची आणि प्रूफ आधी कागदावर वाचायचं. कागदावर वाचताना 'काकतीवेस'चं 'काकतिवेस' सापडलं. पडद्यावर चार जणांनी पाहून सुटलं होतं.

विनायलवर छपाई, वर मॅट लॅमिनेशन. ग्लॉसी नको, ट्यूबलाइटखाली भाडं वाचता येत नाही.

२० एप्रिल

पुठ्ठा बाइंडिंगचा, २ मिमी, ५० बाय २५ चे दोन तुकडे. आज दोन चुका झाल्या.

पहिली घडीची. दोन्ही तुकडे सपाट ठेवून, एकमेकांना भिडवून, पाठीला बाइंडिंगच्या कापडाची पट्टी खळीने लावली. वाळल्यावर पट दुमडला तर चित्र बाहेरच्या बाजूला. आतल्या बाजूला दुमडतच नाही. कारण सरळ आहे: तोंडं आत घेऊन दुमडताना पाठीच्या कडा एकमेकींपासून ४ मिमी लांब जातात (२ अधिक २), आणि घट्ट चिकटलेलं कापड तेवढं ताणत नाही. बिजागरी तोंडाच्या बाजूलाच हवी. पाठीचं कापड ब्लेडने चिरलं. पुठ्ठ्याच्या तोंडावर ३ सेंमी रुंद मलमलची पट्टी लावली, त्यावर अख्खं विनायल. मलमल पातळ असल्याने वरून उंचवटा जाणवत नाही. जाड कापड असतं तर सोंगटी तिथे डुगडुगली असती.

दुसरी चूक पाठीच्या कागदाची. खळ लावून ब्राउन पेपर चिकटवला. ओला कागद फुगतो, वाळताना आकसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. तोंडाला विनायल, तिथे ओल नाही, त्यामुळे ओढ एकाच बाजूने. सकाळी दोन्ही तुकडे पालथ्या ताटासारखे, मधे फुगलेले.

२३ एप्रिल

काल संध्याकाळी वळीव कोसळला. खिडकीखाली ठेवलेल्या पुठ्ठ्याच्या उघड्या कडा ओल पिऊन फुलल्या. तो जोड टाकून दिला.

नवा पुठ्ठा घेऊन क्रम बदलला: आधी चारही कडांना काळं बाइंडिंग कापड (घडीची कड सोडून), मग मलमल, मग तोंडाला छापलेलं विनायल, शेवटी दोन्ही तुकड्यांच्या पाठीला वेगवेगळं कोरं पांढरं विनायल. दोन्ही बाजूंना एकच माल, ओढ सारखी. विनायल लावताना मागचा कागद एकदम काढायचा नाही. ५ सेंमी उघडायचा, जुन्या पोस्टकार्डाने मधून कडेकडे घासत न्यायचं, मग पुढचे ५. तरी राहिलेला बुडबुडा टाचणीने टोचून दाबायचा. शेवटी मधे कागद घालून दुमडला आणि चार जाड शब्दकोशांखाली २४ तास. आज सपाट आहे.

२७ एप्रिल

कार्डं. मालकीची २८, चान्सची १६, भिशीची १६. 'कम्युनिटी चेस्ट'ला इथे भिशीशिवाय दुसरं नाव शोभत नाही.

१३ बाय १९ इंची कार्डशीटवर ७.५ बाय ५.५ सेंमीची ३० कार्डं बसतात (६ बाय ५). दोन शीट म्हणजे ६०, आणि लागतात २८ अधिक ३२, तीही ६०. एकही वाया नाही, म्हणून खूश होतो. पण मालकीच्या शीटवर उजवीकडे खाली चान्सची दोन कार्डं टाकली आणि पाठीच्या पानावर चान्सची पाठही उजवीकडेच ठेवली. शीट उलटल्यावर उजवं ते डावं होतं. परिणामी दोन चान्स मालकीच्या पाठीचे, आणि हलशी व नंदगड चान्सच्या पाठीचे. पुन्हा छपाई.

कार्डांच्या मजकुरात सगळ्यांना गंमत सुचते, आणि इथेच डाव बिघडतो. पहिल्या कच्च्या यादीत चान्सची १६ पैकी १३ कार्डं नुसती पैशाची होती: कुंद्याची ऑर्डर मिळाली, मंडिगे जळले, असली. मूळ चान्समध्ये १० कार्डं खेळाडूला हलवतात, भिशीच्या गड्डीत २ च. हलवणारी कार्डं काढली तर स्टेशनांवर, लाल जागेवर, खडेबाजारावर जाणारे कमी होतात आणि भाड्याचा सगळा हिशेब चुकतो. म्हणून चान्सची दहा तशीच ठेवली: सुरुवातीला जा, भांदूर गल्लीला जा, वडगावला जा, खडेबाजाराला जा, लोंढ्याला जा, जवळच्या स्टेशनवर जा (ही दोन), वीज-पाण्यातलं जवळचं गाठा, तीन चौकोन मागे या, हिंडलग्याला जा.

'तीन मागे'चा एक गुण फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. चान्सचे चौकोन ७, २२ आणि ३६ वर. मागे आलं की अनुक्रमे आयकर, टिळकवाडी आणि भिशी. नारिंगीला इथेही गिऱ्हाईक मिळतं.

गंमत उरलेल्या कार्डांत केली, आकडे न बदलता. कंपनीचे चेअरमन झालात, प्रत्येकाला ५० द्या, याचं झालं: 'गल्लीच्या गणपती मंडळाचे अध्यक्ष झालात. प्रत्येक खेळाडूला ५०० द्या.' रस्तादुरुस्तीचं झालं: 'गटारीचं काम निघालं. घरामागे ४००, हॉटेलमागे १,१५०.' सौंदर्यस्पर्धेतल्या दुसऱ्या बक्षिसाचं: 'रांगोळी स्पर्धेत दुसरा नंबर, १०० घ्या.'

१ मे

नोटा. मूळच्या १, ५, १०, २०, ५०, १००, ५०० च्या आता १०, ५०, १००, २००, ५००, १,०००, ५,०००.

जुन्या संचात २४० नोटा असत, एकूण १५,१४०. नव्या संचात प्रत्येकी ३०, म्हणजे २१०, एकूण २०,५८०. आम्ही छापल्या नव्या हिशेबाने आणि वाटायला बसलो जुन्या पद्धतीने: ५,००० च्या २, १,००० च्या २, ५०० च्या २, २०० च्या ६, १०० च्या ५, ५० च्या ५, १० च्या ५. सहा खेळाडूंना २०० च्या ३६ लागल्या, हातात ३०. शंभर, पन्नास आणि दहाच्या तर बँकेत एकही उरली नाही. आता वाटणी नवी: २, ४, १, १, २, १, ५ याच क्रमाने. माणशी १६ नोटा, बेरीज तीच १५,०००, आणि दहाच्या सोडल्या तर बँकेकडे सुट्टे राहतात.

नोटा रंगीत कागदावर एकाच बाजूला, ११ बाय ५.५ सेंमी, मधे नुसता आकडा आणि कोपऱ्यात किल्ल्याची रेघ. खऱ्या नोटेसारखी दिसणारी नोट छापणं गुन्हा आहे, त्यामुळे माणसाचं चित्र, सही, 'रिझर्व्ह बँक' यांतलं काहीही नाही. १,००० चा पिवळा आणि ५,००० चा केशरी रात्रीच्या दिव्यात एक दिसतात. ५,००० निळ्यावर घेतली.

४ मे

घरं ३२, हॉटेलं १२. सागाची बीडिंग पट्टी १० मिमी चौरस आणली, १० मिमी लांबीचे तुकडे पाडले. चार घरं शेजारी ठेवली की बरोबर ४० मिमी, आणि चौकोनही ४० मिमी. फासे आपटले की मारुती गल्लीतलं घर गणपत गल्लीत. सुताराकडून पट्टी ८ मिमीवर रंधून घेतली: चार घरांना ३२, मोकळे ८.

करवतीचा काप दीड मिमी खातो, हे धरून ८ मिमी लांबीच्या ३२ घरांना सुमारे ३१ सेंमी पट्टी. हॉटेल १४ मिमी लांब, १२ ना १९ सेंमी. वर थोडी जास्त घ्यावी, गाठ आली की तुकडा फुटतो.

पोस्टर कलर दमट हवेत बोटाला लागतो. रंग वाळल्यावर सीलरचा एक हात. घरं चाळणीत ठेवून बुडवली, ब्रशने एकेक करत बसायला नको.

३२ म्हणजे ३२ च. सुतार हौसेने ५० करून देत होता, नको म्हटलं. घरं संपणं हा डावाचाच भाग आहे. ज्याने तीन जागांवर चार-चार बांधली त्याने १२ अडवली, आणि तो हॉटेल न करता तसाच बसला तर बाकीच्यांना बांधायला मिळत नाही. एकच घर शिल्लक आणि दोघांना हवं, तर बँक लिलाव करते.

८ मे

पहिली चाचणी, चार खेळाडू. फासे आधी मिठाच्या दाट पाण्यात तरंगवून पाहिले. एक फासा दर वेळी चारच वर आणत होता. बदलला.

चूक दुसऱ्या फेरीतच निघाली. गोकाक फॉल्सच्या कार्डावर 'फाशांच्या ४ पट भाडं' असं जसंच्या तसं उतरलं होतं. ७ पडले, भाडं २८ रुपये. सगळं १० पट केलं तेव्हा ही पट राहून गेली. दुरुस्ती: एक जागा असेल तर ४० पट, वीज-पाणी दोन्ही असतील तर १०० पट. वीज-पाण्याच्या चान्स कार्डावरही १०० पट. याउलट गहाण सोडवताना १० टक्के व्याज, ते १० टक्केच. टक्केवारीला हात लावायचा नाही.

मुद्दाम घरगुती नियमांनी खेळवलं: दंड आणि कर किल्ला तलावात जमा, तिथे पोचेल त्याचे. ज्याला जागा नको त्याने पुढे चालावं, लिलाव नाही. साडेतीन तासांनी थांबवलं तेव्हा कुणाचंही दिवाळं निघालं नव्हतं आणि सहा जागा विकायच्याच राहिल्या होत्या. कराचा पैसा खेळातून बाहेर जायला हवा. तो तलावातून परत खिशात आला की बुडणारा तरतो आणि डाव लांबतच जातो.

११ मे

दुसरी चाचणी, तेच चौघं, छापील नियम. तलावावर काही मिळत नाही. कुणी जागा नाकारली की तिथल्या तिथे लिलाव, बोली १० पासून, नाकारणारासुद्धा बोलू शकतो. एक काका सवयीने फासे पुढे सरकवत होते तर समोरची पोरगी म्हणाली, "थांबा की काका, पांगुळ गल्लीचा लिलाव व्हायचाय!" २,६०० ची जागा १,४०० ला गेली. सगळ्या जागा तासाभरात विकल्या गेल्या, डाव दोन तासांच्या आत संपला.

टिळकवाडीच्या कार्डावरचे आकडे इथे कामाला आले: मोकळ्या जागेचं भाडं १६०, एका घराला ८००, दोन घरांना २,२००, तीन घरांना ६,०००. खरी उडी तिसऱ्या घराला. तिन्ही नारिंगी जागा ५,६०० च्या, वर नऊ घरं ९,००० ची, एकूण १४,६००. गडद निळ्या दोन जागा ७,५०० च्या आणि सहा घरं १२,००० ची, एकूण १९,५००, आणि तिथे पाय पडणारे कमी. खडेबाजार घेतलेला खेळाडू भाड्याची वाट बघत बुडाला.

नियमांच्या पानावर ठळक छापायचं: हिंडलग्यात बसलेला भाडं घेऊ शकतो, बोली लावू शकतो, बांधू शकतो. चाचणीत तिघांना हे माहीत नव्हतं. शेवटी शेवटी तर आत बसणंच परवडतं, बाहेर सगळीकडे हॉटेलं असतात. सुटायला ५०० भरा, कार्ड दाखवा किंवा दोन्ही फासे सारखे पाडा. तिसऱ्या पाळीलाही सारखे पडले नाहीत तर भरावेच लागतात.

१६ मे

नियमांचं पान छापून झालं, ए४ ची पाठपोट एक घडी. मागच्या बाजूला चार ओळी इतिहास: लिझी मॅगी यांनी 'लँडलॉर्ड्स गेम'चं पेटंट ५ जानेवारी १९०४ ला मिळवलं. हेन्री जॉर्ज यांचा जमिनीवरच्या एकाच कराचा विचार लोकांना समजावा म्हणून. १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्सने चार्ल्स डॅरोकडून मोनोपॉली घेतली आणि मॅगींना त्यांच्या पेटंटचे ५०० डॉलर दिले. ५०० ला १० ने गुणू नये, हे प्रूफवर लाल शाईने लिहावं लागलं.

पेटी मिठाईच्या खोक्यासारखी, ५२ बाय २७ बाय ५ सेंमी. नोटांना सात कप्पे, घरांना झाकणाची डबी. पावसाळ्यासाठी आत सिलिका जेलच्या दोन पुड्या.

राहिलेलं: हलशीच्या कार्डाची एक कड वाकडी कापली गेली आहे, गड्डीत ओळखू येते. मालकीचं कार्ड असल्याने चालेल. चान्सचं असतं तर बदलावं लागलं असतं. जास्तीची दोन घरं आणि एक हॉटेल पाकिटात घालून पेटीच्या तळाला चिकटवली आहेत, फक्त हरवली तर काढायची.